गोदाच्या तोंडचे धवले

देवानं माणसाला नाक श्वास घ्यायला दिलं, असा आपला एक भाबडा समज असतो. पाताळगंगेकाठच्या त्या साठ उंबऱ्यांच्या गावात नाक होतं ते मुरडायला. आणि सगळ्या गावानं मिळून ते मुरडायचं कुणाकडे बघून, तर बुधाजीच्या गोदाकडे. पोर पंधरा वर्षांची. तिनं कुणाच्या कोंबडीला खडा मारला नव्हता की कुणाच्या बांधावरचं गवत कापलं नव्हतं. तिच्या हिरड्या सुजल्या होत्या, एवढाच काय तो गुन्हा.

सुजल्या म्हणजे कशा, ते सांगायलाच हवं, कारण नाकं मुरडणाऱ्यांतल्या एकीनंही ते कधी नीट पाहिलं नाही. पुढच्या दातांच्या मुळाशी मांस फुगून जांभळं पडलेलं. तांदळाच्या भाकरीचा कडक पापुद्रा चावला की भाकरीला लाल ठिपके. सकाळी उठावं तर गोधडीच्या टोकाला रक्ताचा डाग. विहिरीचं गार पाणी लागलं की कळ थेट कानापर्यंत जायची. काकडी बंद, ऊस बंद, पेरू तर बघायचाही बंद. बरोबरीच्या पोरी करवंदांच्या जाळीत शिरून तोंडं काळी करून यायच्या, आणि ही घरी पेज पीत बसायची.

आणि वास. तिचा तिला तो बऱ्याचदा कळत नसे. समोरच्याच्या तोंडावर उमटला की कळायचा. म्हणून ती बोलताना पदर तोंडाशी धरायला लागली, मग मान फिरवून बोलायला लागली, मग बोलायचीच बंद झाली. हसणं तर कधीच सुटलं होतं. विहिरीवर ती आली की बाया रहाट सोडून दोन पावलं मागं सरायच्या आणि वर म्हणायच्या, "ये गं गोदे, तू भर आधी." केवढा तो मोठेपणा. दोन ठिकाणची माणसं तिला बघून गेली. पहिल्यांनी निरोप तरी पाठवला. दुसरी गूळपाणी न घेताच उठली.

लग्न मोडल्याचं गोदाला फारसं काही वाटलं नाही. बापाला वाटलं, आईला, म्हणजे जनाला, वाटलं, ज्यांचा काडीचा संबंध नव्हता त्या बायांना तर फारच वाटलं. गोदाचा जीव अडकला होता दुसरीकडेच. तिला धवले म्हणायचे होते.

त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या घरात भट आला काय नि न आला काय, लग्न लावायची ती धवलारीण. हळद वाटायची, उंबराची फांदी आणायची, नवरीला पाटावर बसवायची, प्रत्येक गोष्टीचा धवला वेगळा. धवलारीण गाते तसं लग्न पुढं सरकतं आणि ती थांबली की लग्न थांबतं. गाणाऱ्या दोघी लागतात. एकीनं पुढं ओळ टाकायची, दुसरीनं मागून ती उचलायची. पहिलीला तेवढ्यात दम खाता येतो. एकटीनं म्हणायला गेलं तर हळदीचा लांब धवला कुणाच्याच छातीला पुरत नाही.

पाच गावांत पुढची ओळ टाकायची ती धोंडूबाईनं. पन्नाशीची विधवा, अंगानं काटकुळी, आणि तोरा असा की जणू सगळ्या तालुक्याची लग्नं हिच्याच पदराला बांधलीत. तिची जोडीण मानमोडीच्या तापात गेली, तेव्हापासून तिला मागं म्हणणारी धड कुणी मिळत नव्हती. एकीला ओळी आठवत नसत, एकीचा सूर गावाबाहेर. मग एका मांडवात अकरा वर्षांची गोदा, बसल्या जागेवरून, कुणी न सांगता ओळ उचलायला लागली. अख्खा हळदीचा धवला. एक शब्द चुकला नाही. धोंडूबाईनं मागं वळून पाहिलं आणि तिथल्या तिथं तिला जवळ घेतलं.

जवळ घेतलं म्हणजे काय केलं, तर मिश्री लावली. तव्यावर तंबाखू काळी होईस्तो भाजायची, कुटून तिची पूड करायची, ती बोटानं दातांवर नि हिरड्यांवर घोळायची. गावातल्या बाया सगळ्याच लावत, पण धवलारणींचा तर तो धर्मच. मिश्री लावल्याशिवाय मांडवात तोंड उघडायचं नाही, गळा मिश्रीवरच चालतो, असं धोंडूबाईला तिच्या गुरुणीनं सांगितलं होतं आणि तिला तिच्या. शहाणपणाची एवढी जुनी परंपरा. धोंडूबाईनं आपलं काळं बोट त्या पोरीच्या तोंडात घालून हिरडीवरून फिरवलं. पोरीला भोवळ आली, ती मांडवाच्या मेढीला धरून ओकली, बाया खदाखदा हसल्या. त्या दिवसापासून गोदा धोंडूबाईची जोडीण झाली. इतका आनंद तिला पुन्हा कधी झाला नव्हता.

दोन-अडीच वर्षांनी रक्त दिसायला लागलं. गोदा तोवर इतर पोरींसारखी करंजाची काडीही दातांवर फिरवायची. तिनं धोंडूबाईला थुंकी दाखवली.

"रगत येतं तिथं काडी लावायची नाय," धोंडूबाईनं निकाल दिला. "हिरडी उघडी पडंल. काडी सोड, मिश्री वाढव."

आजूबाजूच्या चार जणींनी माना डोलावल्या. झालं. काडी सुटली आणि मिश्री दोनदाची चारदा झाली. मग हिरडी सुजली, तर म्हणे अंगात उष्णता आहे. वास यायला लागला, तर म्हणे पोटात घाण आहे. एकीनं तोंडात विड्याचं पान धरायला लावलं, एकीनं गळ्यात ताईत बांधला. आणि सोनुबाईनं, म्हणजे गावच्या सगळ्यांत मोठ्या भातखाचरांच्या मालकिणीनं, सांगितलं की लगीन झालं की आपोआप जातं. लगीन वासापायी होईना आणि वास लग्नावाचून जाईना. अशा बायांच्या हातात गाव होतं.

त्याच सोनुबाईच्या थोरल्या मुलाचं लग्न निघालं. हळदीला धोंडूबाई पाटाशी बसली, गोदा तिच्या खांद्याला खांदा लावून. धवलारणीला नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणावं लागतं. दोघी वाकल्या, दोन ओळी झाल्या, आणि सोनुबाईनं नाकाला पदर लावला.

"हिला उठव, धोंडूबाय. माज्या पोराच्या हळदीत हा कुजका वास नको."

गोदानं धोंडूबाईकडे पाहिलं. चार वर्षं जिच्यामागे उन्हातान्हातून गावोगाव चालली, ती एवढं तरी म्हणेल की पोरीवाचून धवला व्हायचा नाही. धोंडूबाई हळदीच्या वाटीकडे बघत म्हणाली, "ऊठ गं."

गोदा उठली. मांडवाबाहेर, पत्रावळींच्या ढिगाशी जाऊन बसली. आतून धोंडूबाईची ओळ यायची, आणि उचलायला कुणी नसल्यानं मधेच तुटायची. गोदा ती उचलायची, पण तोंड मिटून, मनातल्या मनात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

कार्तिकात साजगावची जत्रा भरली. बुधाजीनं पोरीला बरोबर घेतलं. बांगड्या भरायला नव्हे; जत्रेत दात काढणारा बसतो त्याच्याकडे. बुधाजी माणूस वाईट नव्हता, नुसता अडाणी होता, आणि अडाण्याला एकदा उपाय सुचला की तो देवाचंही ऐकत नाही.

"पुढचे चार काढून टाकू," तो वाटेनं म्हणाला. "बिनदाताची पोर येक वेळ खपंल. वासाची नाय खपायची."

दात काढणारा सुक्या बोंबलांच्या ढिगांपलीकडे गोणपाटावर बसला होता. समोर लाल फडक्यावर उपटलेल्या दातांची रास, तीच त्याची जाहिरात. त्यानं गोदाची हनुवटी धरली आणि सांडशी उचलली. गोदाच्या डोळ्यांपुढे दुखणं आलं नाही. पुढचे दात पडलेल्या म्हाताऱ्या तिनं धवले म्हणताना ऐकल्या होत्या. शब्द बाहेर येण्याआधीच वारा निसटायचा, ओळीची नुसती फुसफुस व्हायची. दात गेले की धवलेही गेले. तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. बापानं दरडावलं, दातवाल्यानं गाल दाबले, तिनं त्याच्या अंगठ्याचा चावा घेतला. दुखऱ्या हिरड्यांनी घेतलेला चावा, पण माणूस ओरडला.

बघ्यांत खोपोलीच्या वीजघराच्या दवाखान्यातला कंपाउंडर उभा होता. नाव विठू, पण लोक त्याला डाक्तर म्हणत आणि तो कुणाला नाही म्हणत नसे. काखेत बोंबलांची जुडी. तो पुढे झाला आणि सरळ गोदाचा वरचा ओठ बोटानं उचलून आत बघायला लागला. वर्षभरात तिच्या तोंडाजवळ तोंड आणणारा तो पहिला माणूस. कपाळाला आठी पडली, पण वासानं नव्हे. बोंबलांच्या ढिगात उभ्या असलेल्या माणसाला वासाचं काय कौतुक.

"दातांवर किटण चढलंय बोटभर," तो बुधाजीला म्हणाला. "घासत नाही का ही?"

"रगत येतं, म्हून नाय घासत."

"घाण बसली म्हणून रक्त येतं, आणि रक्त येतं म्हणून तुम्ही घाण काढत नाही. धन्य आहे तुमची. आणि वर हे काळं काय चोळलंय? मिश्री? पोरीला पंधराव्या वर्षी म्हातारी करून ठेवलीत." मग तो गोदाकडे वळला. "मिश्री बंद. आजपासून. काडी चावून मऊ कर आणि दातांच्या मुळाशी फिरव, सकाळी आणि जेवल्यावर. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भर. रक्त येईल, येऊ दे. मंगळवारी दवाखान्यात ये, किटण मी काढतो. आणि दात काढायचे असले तर आधी बापाचे काढ."

बुधाजीला हा अपमान समजेपर्यंत माणूस बोंबील घेऊन गेला होता.

गोदा मंगळवारी गेली, नंतरचे दोन मंगळवारही गेली. आई बरोबर असायची, दाराशी उभी राहून डोळे पुसायची. विठू बारीक आकड्यानं दातांच्या मुळाशी खरवडायचा, किटणाचे पिवळे-काळे तुकडे तसराळ्यात पडायचे, आणि गोदा बाकाची कड धरून बसायची. एक दात हलत होता. तो पुरता घट्ट होईलच असं नाही, हे त्यानं सांगून टाकलं. गोड बोलायची त्याला सवय नव्हती, आणि गोदाला त्याचं तेच बरं वाटलं.

गावात मात्र तमाशा. रोज सकाळी पोर ओढ्यावर बसून लाल थुंकायची आणि रोज कुणीतरी येऊन हळहळायचं. आता हिच्या हिरड्या गळून पडणार, ही झुरून मरणार, कंपाउंडरनं पोरीच्या जिवाशी खेळ मांडलाय. खेळ त्यांनीच चार वर्षं मांडला होता, ते गेलं कुठल्या कुठं. धोंडूबाई तर दारात येऊन गरजली.

"मिश्री सोडलीस? मंग धवलेबी सोड. बिनमिश्रीच्या तोंडाची धवलारीण माज्या मांडवात नको."

गोदाला रडू आलं. हेच एक होतं ज्यासाठी ती सगळं सोसत होती, आणि तेच जाणार होतं. रात्रभर ती कूस बदलत राहिली. सकाळी उठली आणि काडी घेऊन ओढ्यावर गेली. आता गावचं ऐकायचं तिच्यात उरलंच नव्हतं.

अठराव्या दिवशी चुळीचं पाणी पांढरं पडलं. तिनं पुन्हा चूळ भरली, पुन्हा पांढरं. महिन्याभरात सूज ओसरली, जांभळं गेलं, हिरडी गुलाबी होऊन दातांना घट्ट बसायला लागली. संक्रांतीच्या सुमारास तिनं परसातला एक पेरू तोडला, कच्चाच, दगडासारखा. हलत्या दाताची बाजू सांभाळून कचकन चावला. रक्त नाही, कळ नाही. ती तिथंच पेरूच्या बुंध्याशी बसून तो बियांसकट संपवत होती, आणि जना दारातून बघत होती. त्या दिवशी मायनं भाकरी मुद्दाम कडक भाजली.

आता कुणाला वाटेल, झालं, सुटली पोर. कसली सुटते? वास गेला हे कळायला कुणीतरी जवळ यावं लागतं. गाव आपलं दोन पावलं मागंच. विहिरीवर तेच "भर गं आधी", देवळात तेच सरकून बसणं. हिरडी दोन महिन्यांत बरी झाली, पण नाकं मुरडायची जी सवय लागली होती तिला कुठल्या दवाखान्यात न्यायचं? गोदा स्वच्छ तोंड घेऊन गावात हिंडत होती आणि ते तिच्या आईबापांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

फाल्गुनात सोनुबाईच्या लेकीचं, चिमाचं, लग्न ठरलं. वऱ्हाड भिवपुरीहून येणार, नवरा तिथल्या वीजघरात कामाला. चाकरमान्यांचं वऱ्हाड म्हणजे गावची अब्रू पणाला. आणि धोंडूबाईला मागं म्हणायला कुणी नाही. तीन जणींना बसवून बघितलं, तिघींनी हळदीचा धवला मधेच सोडला. शेवटी हळदीच्या आदल्या दिवशी ती बुधाजीच्या ओटीवर आली आणि गोदाकडे न बघता म्हणाली, "उद्या ये. माज्या मागं बस. पुढं येऊ नको."

असल्या बोलावण्याला जोड्यानं उत्तर द्यावं, असं कुणीही म्हणेल. गोदाच्याही ओठावर आलं होतं. पण धवले म्हणायला मिळणार होते. ती गेली.

चिमा तेरा वर्षांची, डोळे मिटून पाटावर, अंगभर ओली हळद. धोंडूबाई तिच्या कानाशी वाकली, गोदा धोंडूबाईच्या पाठीशी.

"हळद लागली गं बाये, कोनाच्या गं लेकीला," धोंडूबाईनं ओळ टाकली.

गोदा ती उचलायला पुढे झाली आणि तिच्या नाकात वास गेला. तोच. ओळखीचा, कुजका, मिश्रीनं भरलेला. तिला वाटलं आपलं तोंड पुन्हा सडलं. तिनं जीभ दातांवरून फिरवली. तोंड साफ होतं. वास समोरून येत होता. धोंडूबाईच्या तोंडातून, तिच्या काळ्या दातांतून, ज्यांना सगळं गाव मानाचे दात म्हणायचं. गोदाचं तोंड कुजकं होतं तोवर तिला हा वेगळा ओळखूच आला नव्हता. खांद्याला खांदा लावून बसलेल्या दोघींचा वास गावानं एकटीच्या नावावर घातला होता, कारण दुसरी धवलारीण होती, आणि धवलारणीला वास येत नसतो.

तिनं ओळ उचलली. आवाज पूर्वीपेक्षा मोकळा लागला. एवढ्यात सोनुबाईचा पदर नाकाला.

"आली का ही घाण परत? गोदे, ऊठ हितनं."

धोंडूबाई थांबली नाही, वळली नाही. "ऊठ गं," ती म्हणाली. तिला ठाऊक होतं की नव्हतं, ते तिचं तिला माहीत. पण मान वर झाली नाही.

गोदा उठली. पत्रावळींकडे मात्र गेली नाही. मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाच्या मेढीशी जाऊन बसली आणि धोंडूबाईनं पुढची ओळ टाकली तशी तिथून खणखणीत उचलली. मांडवभर ऐकू गेली. उष्टी हळद घेऊन आलेल्या वऱ्हाडातल्या बायांनी माना वळवल्या. सोनुबाईनं ते चालवून घेतलं, धवला नीट चालला होता ना. धोंडूबाई पुन्हा चिमाच्या कानाशी वाकली.

चिमानं डोळे न उघडताच तोंड फिरवलं.

"आये," ती म्हणाली, "वास तर हायच की अजून."

बायांनी आधी गोदाची रिकामी जागा पाहिली. मग लांब मेढीशी बसलेली गोदा पाहिली. मग सगळ्यांचे डोळे एकाच वेळी पाटाशी आले. धोंडूबाईचं तोंड ओळीच्या मध्यावर उघडं होतं. ते मिटलं आणि पुन्हा उघडलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं हळदीचा धवला अर्ध्यात टाकला. हळदीचा हात तसाच थांबला, हळद दळणारं जातं थांबलं, भिवपुरीच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. धवला थांबला म्हणजे लग्न थांबलं.

गोदाला तिची दया आली असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला बरं वाटेल. नाही आली. ती उठली, मांडव ओलांडून आली, धोंडूबाईच्या शेजारून पुढं गेली आणि पाटाशी, चिमाच्या अगदी कानाशी बसली. पुढची ओळही तिनंच टाकली, मागचीही तिनंच उचलली. दम लागला तिथं थांबली, पुन्हा धरला, आणि धवला शेवटापर्यंत नेला. चिमानं तोंड फिरवलं नाही.

हळद उतरल्यावर घरच्या मालकिणीनं धवलारणीची ओटी भरायची असते, मग ती विधवा असो की कुमारी. सोनुबाईनं सूप घेतलं, त्यात तांदूळ, नारळ, खण. एकदा धोंडूबाईकडे पाहिलं. ती मेढीला टेकून बसली होती, तिनं हातानंच गोदाकडे दाखवलं. सोनुबाई आली. दोन पावलांवर थांबली, हात लांब करून सूप पुढं धरलं आणि मान एका बाजूला वळवली. सगळं बघून, सगळं कळून, तरी वळवली.

गोदानं सूप घेतलं नाही. तिनं सोनुबाईचं मनगट धरलं आणि तिला इतकं जवळ ओढलं की नाकाला नाक लागावं.

"जवळनं भर, काकी."

ओटी भरून घेताना धवलारणीनं नवरीच्या आईसाठी आशीर्वादाचा धवला म्हणायचा असतो. गोदानं तो तिथंच म्हटला, सोनुबाईच्या तोंडासमोर तोंड धरून, छाती भरून, एक ओळ न गाळता. मनगट सोडलं नाही. धवला लांब होता. सोनुबाईनं बराच वेळ श्वास कोंडून धरला, आणि मग तिला तो घ्यावाच लागला.